भाऊबीजेची बॅटरी

बारामती,
ता. १८ नोव्हेंबर १९३६

चि. प्रयागास,

अनेक आशीर्वाद. आम्ही सारी खुशाल आहोत. तुझे पत्र पाडव्याच्या दिवशी मिळाले. भाऊबीजेला येता येणार नाही हे वाचून तुझी वहिनी दिवसभर गप्प होती. तिने पाट मांडून ठेवला होता. संध्याकाळी मी म्हणालो, "आता मीच पाटावर बसतो आणि मीच मला ओवाळतो," तेव्हा कुठे हसली. कळसच्या दवाखान्यात तू एकटीच नर्स, तेव्हा सुटी कशी मिळणार? बाळंतपणे काही दिवाळी बघून येत नाहीत.

पत्रात तू दोन गोष्टी लिहिल्या होत्यास. दुसरीचे शेवटी लिहितो. कॅनॉलच्या चारीवरच्या पुलाजवळ दोन संध्याकाळी कोणीतरी तुझ्या मागे चालत आले, तू थांबलीस की तेही थांबले, हे मी चार वेळा वाचले. पाचव्यांदा वाचवेना म्हणून उठलो आणि मानसिंगच्या सायकलच्या दुकानात गेलो. तिथे हल्ली बॅटऱ्या ठेवतात.

तीन दिवस जात होतो. तू हसशील, पण आपल्या माणसाच्या जिवासाठी वस्तू घ्यायची तर ती पाहून घ्यावी. पत्र्याच्या जपानी बॅटऱ्या हलक्या आणि दिसायला फार सुबक आहेत. एक मी अंगठ्याने दाबली तर पोचा आला. दुसरीचे बटण सरकवायचे होते, ते तीन वेळा सरकले आणि चौथ्यांदा अडले. घाबरलेल्या माणसाने चौथ्यांदाच दाबले तर? शेवटी पितळी नळीची, निकेल केलेली, तीन सेलांची जर्मन बनावटीची घेतली. ती वीतभराहून जास्त लांब आहे. काचेभोवतीचे कडे जाड आणि खाचांचे आहे. मानसिंगने ती दुकानाच्या पायरीवर दोनदा आपटली, मग बादलीत बुडवून काढली, तरी पेटली. घरी तुझ्या वहिनीने त्या नळीने सुपारी फोडून पाहिली आणि म्हणाली, "वन्संना हा बत्ताच पाठवा. उजेड पडो न पडो, मागचा माणूस तरी पडेल." खादी घालणाऱ्याने परदेशी वस्तू घेतली याची टोचणी आहे. पण देशी एकही मनासारखी मिळाली नाही.

कॅनॉलचे पाणी सोडणारा पाटकरी कुंडलिक त्या वेळी दुकानात आला होता. कॅनॉलच्या साहेबांच्या बॅटरीचा बल्ब बदलायचा होता. साहेबांचीही हीच आहे, तेव्हा टिकाऊ असणारच.

आता वापरायचे. दिवसा एक सेल उलटा घालून ठेव, म्हणजे पिशवीत बटण दाबले गेले तरी सेल संपणार नाहीत. जादा बल्ब बुडाच्या झाकणात आहे. कोणी जवळ आलेच तर उजेड पायांवर नको, सरळ डोळ्यांत धर. मारावे लागलेच तर मनगटावर मार, डोक्यावर नको. वस्तू जड आहे.

दुसरी गोष्ट अर्जाची. तुझ्यासोबत वस्त्यांवर जायला एक बाई नेमावी, असा दवाखान्याच्या कमिटीला इंग्रजीत अर्ज लिहून दे म्हणालीस. विसरलो नाही. पण तुमच्या कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब, आणि आमच्या शाळेच्या मंडळाचेही तेच. मार्चमध्ये हेडमास्तरांची जागा भरायची आहे, सध्या ते त्याच गडबडीत आहेत. शब्द नीट निवडून, सवडीने लिहितो. तोवर बॅटरी आहेच. हीच तुझी ओवाळणी समज.

मोटारीच्या ड्रायव्हरकडे पार्सल दिले आहे. पोचल्याचे कळव.

तुझी काळजी वाहणारा,
दादा

*

बारामती,
ता. १८ डिसेंबर १९३६

चि. प्रयागास,

अनेक आशीर्वाद. तुझी दोन्ही पत्रे आणि कमिटीच्या नोटिशीची नक्कल मिळाली. उत्तराला उशीर झाला, शाळेत सहामाहीचे पेपर होते. पेपर बुधवारीच तपासून झाले होते, हेही लिहायला हवे.

तू लिहितेस ते माझ्या मनात नीट बसावे म्हणून पुन्हा मांडतो. गेल्या आठवड्यात गुरुवारी दिवस कलल्यावर गेणूच्या वस्तीवरून निरोप आला की त्याच्या बायकोला, साखरबाईला, कळा सुरू झाल्या आहेत. तिची पहिली खेप. तू दिवेलागणीला कळसहून निघालीस. तिकडची रीत अशी की ज्याच्या घरी बाळंतपण, त्या घरच्या माणसाने कंदील घेऊन चारीवरच्या पुलाशी उभे राहायचे, कारण तिथून उसातून चार वाटा फुटतात आणि अंधारात नवख्याला सगळ्या सारख्याच. तू पुलावर पोचलीस तेव्हा कंदील नव्हता. हाका मारल्यास. अर्धा तास थांबलीस. मग अंदाजाने निघालीस ती भलत्याच वस्तीवर गेलीस. तिथून माणूस घेऊन गेणूकडे पोचायला दोन तास गेले. मूल आडवे होते. बाई वाचली, मूल गेले.

आणि गेणूने गावात सांगितले की मी पुलावर उभा होतो, बाई आल्याच नाहीत. त्यावर कमिटीकडे तक्रार गेली, आणि बारा जानेवारीच्या सभेत तुला कामावरून काढायचे की नाही हे ठरणार.

प्रयाग, तू वेळेवर निघालीस याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. वहिनीला तर मुळीच नाही. ती गेणूबद्दल जे म्हणाली ते मी लिहीत नाही. तू विचारतेस, "दादा, पुलावर कंदील का नव्हता? गेणू खोटे बोलतो असे मला वाटत नाही. तो रडत होता. पण मी तर तिथे होते." याचे उत्तर मी इथे बसून काय देणार? माणूस गोंधळतो. कदाचित तो दुसऱ्या पुलाशी उभा असेल. बॅटरी नीट पेटत होती ना?

अर्ज अजून झालेला नाही. आता चौकशी चालू असताना सोबतीची मागणी केली तर सबब सांगितल्यासारखे दिसेल. सभा होऊ दे. आप्पासाहेबांना मी योग्य वेळ पाहून तोंडी सांगेन.

थंडी फार आहे. दुधात हळद घालून घेत जा.

तुझा,
दादा

ता. क. यापुढे चारीवरून जाताना बॅटरी सारखी पेटती ठेवू नकोस. सेल लवकर संपतात.

*

बारामती,
ता. १० जानेवारी १९३७, रविवार

प्रयाग,

पार्सल बुधवारी मिळाले. मी ज्या कागदात बॅटरी गुंडाळली होती त्याच कागदात, तीच सुतळी. आत तुझी एका ओळीची चिठ्ठी: "सेल अजून नवे आहेत. मग का?"

लहानपणी मळ्यात माझ्या हातून मोटेचे चाक मोडले आणि मी आबांना सांगितले की बैल बिचकला, तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तू आबांसमोर काही बोलली नाहीस. मागून येऊन मला इतकेच विचारलेस, "कोणता बैल?"

मग का, ते लिहितो. पहिल्या पत्रात कुंडलिकचे मी अर्धेच लिहिले होते. उरलेले असे. मी दुकानात पत्र्याची एक आणि पितळी एक अशा दोन बॅटऱ्या हातात धरून उभा होतो. कुंडलिक बल्ब बसण्याची वाट पाहत होता. त्याने विचारले, "कुनासाठी मास्तर?" मी सांगितले, बहिणीसाठी, कळसच्या चारीवरून जावे लागते. तो म्हणाला, "मंग ही पितळंची नगा देऊ. ही सायबाची हाय. आमच्या चारीवर दुसऱ्या कुनाकडं असली न्हाय. पानीचोर धराया सायब हीच घिऊन हिंडतो. हिचा पांढरा झोत दिसला की मानसं कंदील फुकून उसात शिरत्यात. बाईला बघून बी शिरतील."

मी म्हणालो, "शिरू देत की."

मानसिंग हसला. कुंडलिकही हसला. आणि मी पितळी घेतली.

हातातल्या दोन बॅटऱ्यांपैकी ती जास्त टिकाऊ होती हे खरे. पण मी ती टिकाऊ म्हणून घेतली नाही. तुझ्या मागे चालणाऱ्याला साहेब आला असे वाटावे, म्हणून घेतली. दुकानातून बाहेर पडताना मी स्वतःवर खूश होतो. इतका विचार कोणता भाऊ करतो, असे वाटले. त्या दिवशीची रोजनिशी परवा काढून पाहिली. बटण, नळी, स्प्रिंग, खादीची टोचणी, दीड पान आहे. कुंडलिकचे बोलणे नाही. माझी अशी समजूत होती की रोजनिशीत मी स्वतःशी खोटे बोलत नाही. खोटे नाही बोललो, वगळले.

आणि तुला का नाही लिहिले? सुचले नाही असे म्हणता आले असते. पण पार्सलच्या पत्रात मी एक ओळ लिहून खोडली होती. तू कागद उजेडाकडे धरलास तर दिसेल, "साहेबांचीही हीच आहे" याच्या पुढे. तुला कळले असते तर तू ती वापरली नसतीस. लोकांना साहेबाचा धाक घालून चालणे तुला रुचले नसते, पहिल्याच दिवशी साऱ्या वस्त्यांवर सांगून आली असतीस की घाबरू नका, ही माझी बत्ती आहे. मग बॅटरीचा उपयोग उरला नसता, आणि माझ्यापुढे अर्जच राहिला असता. आप्पासाहेबांना नको तेव्हा नको ती मागणी करणारा अर्ज. तीन दिवस मी दुकानात बॅटऱ्या दाबून पाहत होतो, तेव्हा खरे म्हणजे तो अर्ज टाळत होतो. अर्जाला एक तास पुरला असता.

तुझे डिसेंबरचे पहिले पत्र आले, "पुलावर कंदील नव्हता" एवढे वाचले आणि मला कळले. पुढचे वाचायच्या आधी कळले. तरी तुला लिहिले ते असे, की तो दुसऱ्या पुलाशी असेल, की हळद घे. आणि ताज्या कलमात सेलांची सबब.

शुक्रवारी शाळेतून रजा घेतली आणि मोटारीने तिकडे आलो. तुझ्या दाराशी आलो नाही. नुसती कबुली घेऊन यायचे धैर्य झाले नाही. अंधार पडेपर्यंत फाट्यावर बसलो, मग तुझ्या वाटेने चारीवर चढलो आणि बॅटरी पेटवली. मला स्वतः पाहायचे होते.

उसात तीन कंदील दिसत होते. एक जवळ, दोन लांब. मी पन्नास पावले गेलो असेन. जवळचा विझला. मग डावीकडचा. मग तिसरा, इतका लांब की तिथल्या माणसाला माझ्या झोताने चेहरासुद्धा दिसला नसता, तोही विझला. पाणी वाहण्याचा आवाज तेवढा राहिला. तू त्या संध्याकाळी एवढ्या काळोखात चाललीस, प्रयाग, आणि हा काळोख मी तुला भाऊबीजेला दिला होता.

पुलावर जाऊन मी बॅटरी बंद केली आणि ओरडलो, "मी साहेब नाही. प्रयागबाईंचा भाऊ आहे."

मग उसातून आवाज आला, "कोन, मोहनराव मास्तर?" चिखलाने भरलेला, खांद्यावर फावडे घेतलेला माणूस वर आला. पुलालगतचे शेत गेणूचेच आहे. त्याने माझ्या हातातल्या बॅटरीकडे पाहिले. मी ती पुन्हा पेटवून जमिनीवर धरली आणि म्हणालो, "ही तिच्याकडे होती. त्या दिवशी."

तो खाली बसला. मी काही विचारायच्या आधीच बोलू लागला. "त्या दिशी सांच्याला म्या चारीचं दार उघडल्यालं. पान्याची बारी माझी न्हवती. ऊस वाळाया लागल्याला. मंग कंदील घिऊन हितं उभा ऱ्हायलो बाईंची वाट बघत. लांबनं हिचा झोत आला. म्हनलं, सायब. कंदील फुकला अन् सऱ्यांमंदी पालथा पडलो."

"तिने हाका मारल्या ना?"

"मारल्या की. गेनू, ए गेनू, म्हनून. नावानं."

"मग ओ का नाही दिलीस?"

"मला वाटलं, सायबानं बाईला पुढं घातलीया. आडल्याला मानूस बाईच्या हाकंला ओ देनार, मंग धरायचा. मागल्या साली आसंच एकाच्या म्हाताऱ्या आईला पुढं घालून त्याला धरला व्हता, म्हनत्यात." त्याने फावडे बाजूला ठेवले. "बाई गेल्यावर बी मी हाललो न्हाय. सायब बसला आसंल म्हनून. हिकडं मी मातीत, तिकडं घरात बायकू वरडतीया."

गावात तू आलीच नाहीस असे त्याने सांगितले, कारण खरे सांगितले असते तर दार कोणी उघडले हेही सांगावे लागले असते. त्याच्यावर चिडायला माझ्यापाशी काय होते? त्याने पाण्यासाठी एक गोष्ट लपवली. मी हेडमास्तरकीसाठी एक लपवली.

तो मला घरी घेऊन गेला. साखरबाई चुलीपाशी बसली होती. चेहरा अजून पांढरा आहे, पण उठून बसते. गेणूने तिला सांगितले, हे बाईंचे भाऊ. ती म्हणाली, "बाईंच्या हातानं मी ऱ्हायले. त्यांनी रातभर माझं पाय धरलं. ह्यांनी गावात सांगितलं तवा मी गप ऱ्हायले, पानी आमच्याच उसाला गेल्यालं." मग बॅटरी हातात घेऊन तिने उलटसुलट केली. "हिच्यापायीच व्हय?"

मी सगळे सांगितले. दुकानातलेही. ती ऐकत होती.

"म्हंजी तुमाला आदुगरच ठावं व्हतं."

"होय."

"मंग बाईला का न्हाय कळवलं?"

मी बॅटरी तिच्या हातातून परत घेतली.

"लिवाया येतं न्हवं तुमाला?" असे म्हणाली आणि चुलीकडे वळली. टोमणा नव्हता तो. तिला खरेच समजत नव्हते.

काल सकाळी आप्पासाहेबांकडे गेलो. सोबत दोन कागद होते. पहिला म्हणजे माझे निवेदन: ही बॅटरी मी निवडली, ती कॅनॉल साहेबांच्या बॅटरीसारखीच आहे हे मला घेण्यापूर्वी सांगितले गेले होते, तिला भिऊन चारीवरचे लोक कंदील विझवतात हे मला माहीत होते, मी आठ तारखेस ते स्वतः पाहिले, आणि ही गोष्ट मी बहिणीला कळवली नाही. तेव्हा पुलावर कंदील न दिसण्याचा दोष तिचा नव्हे, माझा आहे. दुसरा कागद तुझा अर्ज. तासाभरात झाला, म्हटले तसा.

त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचले. म्हणाले, "अहो मोहनराव, बहिणीसाठी एवढं कागदावर कशाला? तोंडी बोलला असतात."

मी म्हणालो, "तोंडी बोललेलं कमिटीच्या वहीत चढत नाही."

"यात त्या शेतकऱ्याचं नाव नाही."

"ते त्यानं सांगायचं. मी माझ्यापुरतं लिहिलंय."

"मग कमिटीनं नुसत्या तुमच्या शब्दावर विसंबायचं?" ते थोडे हसले. "आणि कमिटीनं तुमचा शब्द धरलाच, तर मार्चमध्ये मंडळही हाच कागद पुढं ठेवील. ज्यानं ठाऊक असून सांगितलं नाही त्याच्या हाती शाळा द्यायची का, असं कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

"विचारायला हवंच," मी म्हणालो. हे वाक्य मी शूरपणे म्हटले असे समजू नकोस. जिना उतरताना कागद परत मागावेत असे दोनदा मनात आले. पोच मागून घेतली आहे. ती आणि दोन्हींच्या नकला सोबत जोडल्या आहेत. हे सगळे आधी तुला विचारून करायचे असा एक विचार आला होता. तू साहजिकच नको म्हणाली असतीस, आणि मी सुटलो असतो. म्हणून न विचारता करून आलो.

गेणू मंगळवारी सभेला येतो म्हणाला. येईल की नाही सांगता येत नाही. पाणीचोरीच्या पंचनाम्याची भीती साधी नसते. मी निघताना साखरबाई मात्र दारातून म्हणाली, "हे न्हाय आले तर गाडी जुपून मी येते. बाईंचं हात मला ठावं हायती." हे तुला कळावे म्हणून लिहितो, आशेला लावावे म्हणून नव्हे.

बॅटरी परत पाठवत नाही. ती माझ्या टेबलावर आहे, एक सेल उलटा घालून. वहिनीने तुझ्यासाठी तिळगूळ दिला आहे, आणि म्हणाली की पत्रात गोड बोला असे काही लिहू नका, तुमचा तो हक्क नाही. तिला सगळे सांगितले आहे.

सोबतीला बाई मिळेपर्यंत दर शनिवारी शाळा सुटली की मी मोटारीने येईन आणि सोमवारी पहाटे परतेन. आठवड्यातले दोन दिवस म्हणजे काहीच नाही, हे मला कळते. त्या दोन दिवसांत तुला वस्तीवर जायचे असेल तर कंदील मी धरीन. साधा, घासलेटचा, जो पाहून कोणी लपत नाही. मी सोबत नको असलो तर तसे सांग, मी पुलाशीच उभा राहीन. तिथे कोणीतरी कंदील घेऊन उभे असायलाच हवे होते.

मुलाचे नाव काय ठेवणार होते ते मी विचारले नाही. तुला ठाऊक असेल.

खाली नेहमीप्रमाणे "दादा" लिहिणार होतो, पण हात थांबला. तू पुन्हा त्या नावाने हाक मारलीस तर पुढच्या पत्रात लिहीन.

मोहन